व्यंगचित्राचे भय

सत्ताधाऱ्यांना लेखापेक्षा चित्राचे भय अधिक वाटते. फ्रान्समधील लुई फिलिपची राजवट याची साक्ष आहे. १८३० च्या जुलै क्रांतीने हा राजा गादीवर आला. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी पुन्हा कधीही लादली जाणार नाही, असे वचन नव्या सनदेने दिले होते. १८३१ मध्ये ओनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने त्याच राजाला ‘गार्गांतुआ’ या खादाड राक्षसाच्या रूपात रेखाटले. गोरगरिबांचा पैसा टोपल्याटोपल्यांनी त्याच्या मुखात पडतो आहे आणि आसनाखालून कृपापात्रांसाठी मानमरातब बाहेर पडत आहेत! या चित्रापायी १८३२ मध्ये दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली.

एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसचा उठाव चिरडताना सैनिकांनी त्रांसनोनँ रस्त्यावरील एका घरात शिरून रहिवाशांची कत्तल केली. येथे दोमिएने विनोदाचा आश्रय घेतला नाही. पलंगापाशी पडलेला मृत माणूस आणि त्याच्या देहाखाली चिरडलेले मूल त्याने दाखविले. सरकारने त्या चित्राच्या प्रती जप्त केल्या.

सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. लेखांना मात्र नाही. लेख हे मत आहे, चित्र ही कृती आहे, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. खरे कारण उघड होते. लेखाला अक्षरओळख लागते. दुकानाच्या काचेत लावलेले चित्र निरक्षर कामगारालाही कळते. म्हणूनच कार्यकर्त्यांनी व्यंगचित्राला निव्वळ करमणूक समजू नये. त्यावर बंदी येते, तेव्हा सर्वांत आधी हक्क जातो तो या निरक्षर वाचकाचा.