जुने घड्याळ : दुरुस्त करावे की नुसते जपावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात टी. नरसीपूर येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर, गुंजा नरसिंहाच्या सान्निध्यात आज आपण जमलो आहोत. या देवाच्या बोटांत गुंजेचा दाणा आहे आणि हे क्षेत्र काशीहून एका गुंजेने अधिक आहे, असे येथील लोक श्रद्धेने सांगतात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाठ केलेले असेल. तोळ्याचा शहाण्णवावा भाग तो केवढा! परंतु पारडे झुकवावयास तेवढा पुरतो. माझा आजचा विषयही अशाच एका तोलण्याचा आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात वडिलांचे वा आजोबांचे चावीचे घड्याळ असेल. नोकरीनिमित्त गाव सोडून ते या मुलखात आले, तेव्हा ते त्यांच्या मनगटावर होते. घड्याळे उघडण्यातच माझे आयुष्य गेल्यामुळे लोक ते माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "याच्या मशीनवर खर्च करण्यात काही अर्थ आहे का?"

या घड्याळांत एचएमटीची संख्या मोठी असते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला हा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. 'जनता' आणि 'पायलट' ही त्याची नावे घरोघरी पोहोचली. त्यांतील 0231 हे मशीन सतरा माणकांचे असून त्याचे ठोके तासाला 18,000 पडतात. म्हणजे दिवसाला 4,32,000. आपल्या पुराणांनी कलियुगाची वर्षेही तितकीच सांगितली आहेत! वर्षाकाठी पावणेसोळा कोटी ठोके पडणाऱ्या या यंत्राची तेलाची गरज मात्र थेंबाहूनही कमी असते आणि सारा प्रश्न त्या तेलाचाच आहे.

"चालते आहे ना, मग कशाला हात लावा?" असे आपण म्हणतो. वस्तुतः तेल सुकलेले असूनही चालणारे घड्याळ हेच अधिक संकटात असते. बंद घड्याळ झिजत नाही. कोरडे चालणारे मात्र स्वतःलाच खात असते. झिजलेल्या धातूची भुकटी जुन्या तेलात मिसळते आणि तेच कानशीसारखे काम करू लागते. पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ सुमारे दीड दिवस चालावयास हवे. ते रात्रीतच थांबू लागले, तर ऑईलिंगची वेळ उलटून गेली असे समजावे. उलटपक्षी ते एकाएकी पुष्कळ पुढे धावू लागले, तर घाबरू नये. अनेकदा केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व लागलेले असते आणि ते काही मिनिटांत उतरवता येते.

घड्याळजीकडे गेल्यावर मागचे झाकण आपल्या देखत उघडावयास सांगावे. पहिली परीक्षा गंजाची. सुकलेले तेल धुऊन निघते. बॅलन्सच्या स्प्रिंगवर चढलेला गंज मात्र बहुधा घड्याळाचा शेवटच ठरतो. दुसरी परीक्षा बॅलन्स चक्राची. हळुवार हलवताच ते मोकळेपणी आणि एका पातळीत झुलले, तर आशा धरावी. डगमगले, तर त्याचा दांडा मोडला असण्याचा संभव असतो. तिसरी परीक्षा सुट्या भागांची. एचएमटीचे घड्याळ लाखो घरांत गेलेले असल्यामुळे एका मृत घड्याळातून दुसऱ्यास जीवदान देता येते. परंतु मुळातच स्वस्तात, माणकांविना बनविलेल्या मशीनची भोके एकदा रुंदावली, की त्यावरील मेहनत सहसा वाया जाते. चौथी परीक्षा अस्सलपणाची. बाजारात जुन्या मशीनवर नव्याने रंगविलेल्या चकचकीत तबकड्या बसवून घड्याळे विकली जातात. वडिलांच्या घड्याळाची तबकडी पिवळी पडली असेल, तर ती तशीच राहू द्यावी.

आता खर्चाविषयी. येथे दोन वह्या ठेवाव्यात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली बाजाराची : दुरुस्तीच्या खर्चात तसेच दुसरे चालू घड्याळ मिळत असेल, तर या वहीचे उत्तर 'नको' असे येते. दुसरी घराची. तिच्यात एकच प्रश्न लिहावा : हे घड्याळ यापुढे कोण घालणार? नातू वा नात ते रोज मनगटावर बांधणार असेल, तर खर्च अवश्य करावा आणि दर चार-पाच वर्षांनी तो पुन्हा करण्याची तयारी ठेवावी. परंतु ते परत डबीतच जाणार असेल, तर दुरुस्ती करू नये. डबीतही तेल म्हातारे होतच असते. अशा वेळी ते पुसून, कोरड्या जागी, आहे तसे जपावे. 'नको' असे स्पष्ट सांगणारा घड्याळजी आपले गिऱ्हाईक गमावतो खरा, पण त्याचाच सल्ला मोलाचा असतो.

एक गोष्ट चिंतेची आहे. क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावीच्या घड्याळांचा काळ ओसरला. 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून कारखान्यातून नवे भाग येण्याची आशा उरली नाही. उरले आहेत ते साठवणीतले भाग आणि ते बसविणारे हात. ते हातही वृद्ध होत चालले आहेत. म्हणून ज्यांना निर्णय घ्यावयाचा आहे, त्यांनी तो फार लांबणीवर टाकू नये. दहा वर्षांनी घड्याळ असेल, पैसेही असतील. पण ते उघडणारा माणूस असेलच, असे नाही.

तेव्हा, घरी गेल्यावर ते कपाट उघडा. आधी कानाला लावून ऐका, मग घरातील मुलांना विचारा. पहिल्या वहीचे पारडे पुष्कळदा जडच भरेल. परंतु "मी घालीन" असे एखादे मूल म्हणाले, तर तेवढी एक गुंज दुसऱ्या पारड्यात पडली असे समजा आणि घड्याळजीचा रस्ता धरा.