नदी कुणाची?



"नदी काय कुणाच्या बापाची आहे?" असे आपण सहज बोलून जातो. बोलणे खरे आहे. पण त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणतो, कुणाची नाही, म्हणून हवे ते न्यावे. दुसरा म्हणतो, कुणा एकाची नाही, म्हणून सर्वांनी राखावी. आज आम्ही या दुसऱ्या अर्थाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तेथे नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यामुळे पाणी थांबले. पाण्याबरोबर आलेला गाळ तळाशी बसला. गाळाची बेटे झाली, दलदल झाली, पाणवनस्पती वाढल्या. तेथे मासे वाढले आणि माशांमागे पक्षी आले. थंडीच्या दिवसांत दूर उत्तरेकडून बदकांचे थवे येथे उतरतात. 1986 साली सरकारने येथे अभयारण्य केले. रामसर हे इराणमधील शहर. तेथे 1971 साली पाणथळ जागा राखण्याचा करार अनेक देशांनी केला. त्या कराराच्या यादीत नांदूर मधमेश्वर आल्याचे 2020 साली जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान पहिला त्यालाच मिळाला.

पूर्वी नदीकाठी बंदूक घेऊन बदके मारणे ही हौस समजली जाई. परवाना काढला की झाले. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1991 साली तो आणखी कडक झाला आणि हौसेची शिकार बंदच झाली. आज बदक असो, ससा असो, त्याला मारणे हा गुन्हा आहे.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, बदकाचे ठीक आहे. पण माशाचे काय? आमचे पोट त्याच्यावर आहे." प्रश्न रास्त आहे. मासेमारी हा पोटाचा धंदा आहे. अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळलेच पाहिजेत. पण बाहेरच्या नदीतही मासा कधी आणि कसा धरावा, याचा विचार हवा.

मृगाचा पाऊस पडतो. नदीला पहिले पाणी येते. मासे धारेच्या उलट वर चढू लागतात. हे चढणीचे मासे. लोक जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन धावतात. पण हे मासे वर कशाला चढतात? अंडी घालायला! रोहूच्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. सगळी काही जगत नाहीत. काही वाहून जातात, काही दुसरे मासे खातात. तरी ती मादी सुटली, तर पुढे जाळ्यात मासा येतो. ती कालवणात गेली, तर एका जेवणात सारे संपते. बियाणे दळून खाल्ले तर पेरायचे काय?

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. विषाने मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिलेही मरतात. आणि तेच पाणी आपली गुरे पितात, बरे का!

फाटके नायलॉनचे जाळेही पाण्यात टाकू नये. नायलॉन सुतासारखे कुजत नाही. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावे लागते. जाळ्यात अडकले, की ते गुदमरून मरते. बगळ्याचा पाय गुंतला, की तोही गेला.

आता तुम्हाला वाचता येते. नदीकाठी वनखात्याचा फलक दिसला, तर मोठ्याने वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. "मला ठाऊक नव्हते," ही सबब कोर्टात चालत नाही. आणि येत्या मृगात पहिले पाणी आले, की पोरांना घेऊन काठावर जा. चढणारे मासे त्यांना लांबून दाखवा. जाळे मात्र तेवढे दिवस खुंटीलाच राहू द्या.