चेसिस क्रमांक वाचा, मगच इसार द्या
(जालना जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याशी कपाशीविषयी किंवा मोसंबीच्या बहाराविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते मोटारसायकलविषयी. दुधाचा कॅन डेअरीवर न्यायचा, फवारणीचे औषध आणायचे, अंबडच्या किंवा भोकरदनच्या बाजारात भाजीची जुडी पोचवायची, तर गाडी लागतेच. नवी गाडी परवडत नाही म्हणून अनेकजण जुनी घेतात. पूर्वी जुनी गाडी गावातली किंवा शेजारच्या गावातली असायची. आता मोबाईलवर फोटो येतो, चारपाचशे किलोमीटरवरचा विक्रेता गोड बोलतो, आणि गाडी न पाहताच पैसे पाठवले जातात. फसगत होते ती इथेच.

आमच्या नात्यातील एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. मोसंबीचे पैसे हाती आले होते. दूरच्या शहरातील एका विक्रेत्याने '२०२१ चे मॉडेल, एकहाती वापर' असे सांगून फोटो पाठवले. गाडी चकचकीत होती. सौदा ६२,००० रुपयांना ठरला. आर.सी. मागाहून पाठवतो, असे विक्रेता म्हणाला. गाडी ट्रान्सपोर्टने आली. पहिल्याच सर्व्हिसिंगला कारागिराने हँडलखालचा क्रमांक पुसून पाहिला आणि म्हणाला, "काका, ही गाडी २०१९ ची आहे." दीड महिन्याने आर.सी. आली. त्यावरही २०१९ च होते, शिवाय फायनान्सचा बोजा उतरलेला नव्हता. नावावर होईना, विमा होईना. ऐन पेरणीत गाडी दारात उभी राहिली. कारागिराने जे एका मिनिटात वाचले, ते पैसे देण्यापूर्वी वाचता आले असते. आज ते वाचायला शिकू.

आपण जालन्याची माणसे बियाणे पारखून घेणारी आहोत. पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, लॉट क्रमांक पाहतो, चाचणीची तारीख आणि वैधता पाहतो, आणि पावतीवर लॉट क्रमांक लिहून घेतो. मोटारसायकललाही असेच लेबल असते. ते कागदाचे नसून लोखंडावर ठोकलेले असते. त्याला चेसिस क्रमांक म्हणतात. बहुतेक गाड्यांवर तो हँडलच्या खाली, चेसिसच्या पुढच्या नळीवर असतो. इंजिन क्रमांक वेगळा असून तो इंजिनच्या खालच्या भागावर असतो.

आजच्या गाड्यांचा चेसिस क्रमांक १७ चिन्हांचा असतो. ही पद्धत आंतरराष्ट्रीय आहे. त्यात इंग्रजी अक्षरे आणि अंक मिसळलेले असतात. मात्र आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. विक्रेत्याने लिहून पाठवलेल्या क्रमांकात यांपैकी एखादे अक्षर असेल किंवा चिन्हे १६ च भरत असतील, तर तो क्रमांक चुकीचा उतरवलेला आहे किंवा बनावट आहे. फार जुन्या गाड्यांवर मात्र १७ पेक्षा कमी चिन्हे असतात. तो दोष समजू नये.

या १७ चिन्हांचे तीन भाग पडतात.

पहिली तीन चिन्हे कारखानदार कोण ते सांगतात. एमबीएल म्हणजे हिरो; पूर्वीची हिरो होंडा आणि २०११ नंतरची हिरो मोटोकॉर्प. एमडी२ म्हणजे बजाज. एमडी६ म्हणजे टीव्हीएस. एमई४ म्हणजे होंडा आणि एमई३ म्हणजे रॉयल एनफिल्ड. टाकीवर एका कंपनीचे नाव आणि चेसिसवर दुसऱ्याच कंपनीची अक्षरे असली, तर तिथेच थांबावे.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतची सहा चिन्हे गाडीचा प्रकार, इंजिन वगैरे सांगतात. यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर विचारावा. इथे एक सावधगिरी सांगतो. नवव्या चिन्हावरून गणित करून क्रमांक खरा की खोटा ते सांगणारे काही परदेशी तक्ते असतात. ते गणित अमेरिकेतील गाड्यांसाठी सक्तीचे आहे. आपल्या गाडीला ते जुळले नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही.

शेवटची आठ चिन्हे त्या एका गाडीची स्वतःची असतात. यातले पहिले, म्हणजे डावीकडून मोजता दहावे चिन्ह, आपल्या कामाचे आहे. आपल्याकडील बहुतेक कंपन्या तिथे वर्ष लिहितात. २००१ ते २००९ या वर्षांसाठी १ ते ९ हे अंक आहेत. पुढे अक्षरे सुरू होतात. वहीत लिहून घ्या:

२०१० ए, २०११ बी, २०१२ सी, २०१३ डी, २०१४ ई, २०१५ एफ, २०१६ जी, २०१७ एच, २०१८ जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन, २०२३ पी, २०२४ आर, २०२५ एस, २०२६ टी.

आमच्या पाहुण्यांच्या गाडीवर दहावे अक्षर 'के' होते. एवढे एक अक्षर माहीत असते तर सौदा तिथेच थांबला असता. महिन्याचेही चिन्ह क्रमांकात असते, पण त्याची जागा कंपनीप्रमाणे बदलते. म्हणून महिना आर.सी.वरून किंवा सर्व्हिस सेंटरवरून पडताळावा.

दोन वर्षांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. विम्यासाठी गाडीची किंमत वयानुसार घटवून धरतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीची घट २० टक्के, तर तीन ते चार वर्षांच्या गाडीची ४० टक्के धरली जाते. नवी किंमत ८०,००० रुपये धरली, तर पहिलीची किंमत ६४,००० आणि दुसरीची ४८,००० रुपये होते. म्हणजे १६,००० रुपयांचा फरक. शिवाय दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यातलीही वर्षे कमी होतात.

मात्र वर्षात थोडा फरक दिसला म्हणून प्रत्येक विक्रेत्याला लबाड म्हणू नये. गाडी तयार होण्याचा महिना आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी आदेश दिला की, बी.एस. तीन प्रतीची वाहने १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत. तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या सवलतीने पडून असलेल्या गाड्या विकल्या गेल्या. त्यांपैकी एखादीवर 'जी' म्हणजे २०१६ असेल आणि नोंदणी २०१७ ची असेल, तर त्यात लबाडी नाही. पण किंमत ठरवताना उत्पादनाचे वर्ष धरावे.

आता पैसे देण्यापूर्वी काय करावे, ते क्रमाने सांगतो.

एक. चेसिस क्रमांकाचा आणि इंजिन क्रमांकाचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो मागवा. त्यासोबत क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिलने घासून काढलेला ठसा मागवा. आर.टी.ओ.च्या कामातही हा पेन्सिल ठसा लागतो, त्यामुळे खऱ्या विक्रेत्याला तो नवा नसतो. अक्षरे वाकडी, कमीजास्त खोल किंवा कानस मारून पुन्हा ठोकल्यासारखी दिसली, तर गाडी सोडून द्या. क्रमांकाचा अर्थ बरोबर लागला तरी ठोकणारा खोटा असू शकतो.

दोन. गाडीवरचा, आर.सी.वरचा आणि विम्याच्या कागदावरचा क्रमांक एकेक चिन्ह बोट ठेवून जुळवा. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे.

तीन. आर.सी.वर फायनान्सची नोंद पाहा. सातबारावरचा बोजा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही, तसेच हे आहे. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घ्या.

चार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत क्रमांक टाकून गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलामुलीला बसवून हे काम करून घ्या. चोरीची गाडी निघाली तर पोलीस ती घेऊन जातात आणि पैसे बुडतात.

पाच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे. ते मागा.

सहा. नमुना २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या घ्या. परराज्यातील गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आधी घ्या. गाडी घेतल्यापासून ३० दिवसांत आपल्या नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते.

सात. पावतीवर संपूर्ण चेसिस क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष लिहून घ्या. बियाण्याच्या पावतीवरील लॉट क्रमांकाइतकेच हे मोलाचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दूरच्या शहरातला असला तरी आपल्याला जालन्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पण तिथे पुरावा लागतो, आणि पावतीवर वर्षच लिहिलेले नसेल तर विक्रेता काय बोलला होता हे सिद्ध करणार कसे?

बंधू-भगिनींनो, यातले कोणतेही काम खर्चाचे नाही. जो विक्रेता क्रमांकाचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, 'दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, आज संध्याकाळपर्यंत इसार पाठवा' अशी घाई करतो, त्याला नमस्कार करावा. गाड्या पुष्कळ मिळतात. घामाचे पैसे एकदा गेले की परत मिळवायला हंगाम जातो. आज घरी गेल्यावर आपल्याच गाडीचा क्रमांक पुसून दहावे अक्षर वाचून पाहा. एकदा हाताने वाचले की विसरायचे नाही.