पोलंडचें आंबट सार



कोबी आणि डुकराचें मांस यांच्या सारावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. त्याचें मूळ माझ्या मातोश्रींच्या आठवणींत आहे.

त्यांचें माहेर कोल्हापुराजवळ, वळिवड्यालगत. १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्यास सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. १९४० च्या सुमारास रशियानें त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलें होतें. १९४१ मध्यें सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत आलीं. मातोश्री तेव्हां परकऱ्या पोर. बराकींवरून जातांना आंबट कोबीचा वास येई. पण आजीच्या धाकामुळें चाखण्याची सोय नव्हती. आतां नव्वदींत, आजारानें तोंडाची चव गेलेली असतां, त्या एक दिवस म्हणाल्या, "अरे, त्या पोलंडच्या बायका करायच्या तें आंबट कांहीं तरी कर कीं!"

तें ‘कांहीं तरी’ म्हणजे कापुश्न्याक. पोलिश भाषेंत कोबीस ‘कापुस्ता’ म्हणतात. त्यावरून हें नांव.

यांतील आंबटपणा चिंचेचा नव्हे, कोबीचाच. १ किलो कोबी बारीक चिरावा, त्यास २० ग्रॅम मीठ चोळावें आणि पाणी सुटेपर्यंत हातानें चुरावा. मग बरणींत दाबून भरावा व वर वजन ठेवावें. कोबी आपल्याच पाण्याखालीं बुडालेला पाहिजे. दह्यास आंबवणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद येथें काम करतात. आमच्या भाईंदरच्या दमट उकाड्यांत पांच-सहा दिवस पुरतात. पहिल्या खेपेस मीं बरणी उन्हांत ठेवली. कोबी बुळबुळीत झाला आणि सगळा टाकावा लागला.

पोलिश सॉसेजमध्यें लसूण, मिरीं आणि मरवा असतो. होय, आपल्या बायका गजऱ्यांत ओवतात तोच मरवा! नंतर त्यास लांकडाची धुरी देतात. उत्तनच्या माझ्या एका जुन्या ख्रिस्ती विद्यार्थ्यानें प्रेमानें गोव्याचे चोरीस आणून दिले. पण त्यांतील मिरची व शिरका कोबीस बोलूं देत नाहींत. दुकानांतील साधें, धुरावलेलें सॉसेज बरें.

चौघांस पाव किलो सॉसेजच्या चकत्या थोड्या तेलांत परताव्या. त्यांत कांदा, गाजर, तमालपत्र, मिरीं व थोडें शहाजिरें घालून दीड लिटर पाणी ओतावें. बटाटे आधीं शिजवावे आणि ते मऊ झाल्यावरच कोबी घालावा. आमसूल आधीं पडल्यास तुरीची डाळ जशी अडून बसते, तसाच बटाटाही आंबटांत अडतो. हें मला पुस्तकानें नव्हे, कडक बटाट्यांनीं शिकविलें. पुढें अर्धा तास मंद विस्तव. मीठ अगदीं शेवटीं, चाखून घालावें.

मातोश्री शाकाहारी. त्यांचें पातेलें वेगळें मांडलें. सॉसेज वगळलें, मरवा मात्र घातला, आणि वाटींत पेटता निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून, झांकण घालून धुंगार दिला.

त्यांनीं वाटी बराच वेळ नाकाशीं धरली.

"वास तोच," त्या म्हणाल्या. मग प्यायल्या आणि विचारलें, "यांत गूळ घालत नाहींत होय रे?"

मीं नाहीं म्हटलें. दुसऱ्या वाटींत त्यांनीं तो घालून घेतलाच.