पडदा पाहुण्यांसाठी की आपल्यासाठी?

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

मैत्रिणींनो, कामं आटोपली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाजी निवडता निवडता ऐका. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन ठेवा, मधे थोडी मापं सांगणार आहे.

आजचा विषय बाहेरच्या खोलीच्या पडद्यांचा. तुम्ही म्हणाल, बचत गटाची समन्वयक कर्ज, हप्ता, वह्या सोडून पडद्यांवर काय बोलायला लागली? पण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतूनच निघाला, आणि कर्जावरूनच निघाला. ज्यांच्या घरातली ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगते. नाव मात्र सांगत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी ६,००० रुपये कर्जाची मागणी केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरदुरुस्ती'. मी विचारलं, "ताई, काय दुरुस्त करायचंय?" आधी त्या बोलेनात. मग म्हणाल्या, "पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत. बाहेरच्या खोलीला पडदे नाहीत. तालुक्याच्या दुकानात तयार पडदे बघून आलेय. दोन खिडक्या, एक दार, रॉडसकट तेवढे होतात."

आमच्या गटाचा व्याजदर महिना दोन टक्के आहे. म्हणजे ६,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याजच १२० रुपये. पण पोरीच्या लग्नाचं कारण आलं की कोणी नाही म्हणत नाही. सगळ्या गप्प बसल्या. खरं सांगते, मीसुद्धा सहीला पेन काढलं होतं.

ती मुलगी दाराशी उभी होती. बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. ती म्हणाली, "मॅडम, पाहुणे दोन तास येणार आणि जाणार. मी रोज त्याच खोलीत झोपते, त्याच खोलीत कपडे बदलते. खिडकी रस्त्यावर आहे म्हणून आई ती बारा महिने बंद ठेवते. उन्हाळ्यात आत भट्टी होते. दोन वर्षं मी पडदा मागतेय. तेव्हा पैसे नव्हते."

तिच्या आईनं मान खाली घातली. बैठकीत कोणीच काही बोललं नाही. कारण मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींच्या घरी हेच आहे! खिडकी बांधताना हौसेनं बांधतो, आणि रस्त्यावरून माणसं आत बघतात म्हणून कायमची बंद करतो. उजेड गेला, वारा गेला. घरात पोरीबाळी, नव्या सुना. कपडे बदलायचे तर मोरीत जा, नाहीतर दिवा मालवून अंधारात बदला.

त्या दिवशी गटानं ठरवलं, कर्ज नको, पडदे आपणच शिवू. दोघींकडे शिलाई मशीन होतं. साड्या तर प्रत्येकीच्या पेटीत. त्या कामात आम्ही जे शिकलो ते आता सांगते.

पहिली गोष्ट मापाची. इथं माझीच फजिती आधी ऐका. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हौसेनं पडद्याचं सुती कापड आणलं. खिडकी मोजली, तेवढंच कापड घेतलं, न भिजवताच शिवलं. पहिल्या धुण्यात पडदा आटला आणि खिडकीच्या वर वीतभर चढून बसला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खिडकीला काय हाफ चड्डी घातलीस व्हय?" बी.ए. झालेली सून, पण कापड आधी भिजवायचं एवढं मला माहीत नव्हतं!

तर लिहून घ्या. समजा खिडकी ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे. रॉड खिडकीएवढाच घ्यायचा नाही. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ५ फूट, ६० इंच घ्यायचा. पडदा सारला की तो भिंतीवर गोळा होतो आणि पूर्ण खिडकी मोकळी राहते. रॉड खिडकीच्या वर सहा इंचांवर बसवायचा, आणि पडदा खिडकीच्या खाली सहा इंच उतरवायचा. म्हणजे उंची झाली ४८ अधिक १२, ६० इंच. वरच्या दुमडीला ४ आणि खालच्या दुमडीला ४ इंच धरा. एका पडद्याला ६८ इंच कापड लागलं.

आता रुंदी. ६० इंचांच्या रॉडला ६० इंच कापड लावलं तर पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. चुण्या पडायला हव्यात. त्यासाठी रॉडच्या दीडपट तरी कापड हवं, म्हणजे ९० इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर दोन पडदे बरोबर होतात. दोन पडद्यांना ६८-६८ मिळून १३६ इंच, म्हणजे साधारण साडेतीन मीटर. सुती कापड आटतं म्हणून पावणेचार मीटर घ्यायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. चौकड्यांचं किंवा मोठ्या फुलांचं कापड असेल तर दोन्ही पडद्यांची नक्षी जुळवावी लागते, म्हणून थोडं आणखी घ्यावं.

साडीचा हिशोब तर फारच सोपा. पाचवारी साडी साडेपाच मीटरची, म्हणजे २१६ इंच. ६८ इंचांचे तीन तुकडे निघतात, आणि जे उरतं त्यातून पडदे बांधायच्या पट्ट्या होतात. साडीचा पन्हा साधारण ४४ इंच असतो, म्हणजे दोन तुकड्यांत ती खिडकी झाली. काठ दोन्ही बाजूंना उभा येतो, बाजूची दुमड घालावी लागत नाही. सुती इरकलीचा पडदा असा भारदस्त दिसतो की बघत राहावं. मात्र साडी आधी उन्हाकडे धरून बघा. जिथं विरलेली असेल तो भाग वगळा, नाहीतर चार धुण्यांत फाटेल आणि शिलाई वाया जाईल.

वरची बाजू कशी शिवायची? आपण परकराला नेफा करतो तसाच नेफा करायचा. वरचं ४ इंच कापड मागं घ्या, अर्धा इंच आत दुमडून शिलाई मारा. मग वरच्या कडेपासून दीड इंचावर दुसरी शिलाई मारा. मधे दोन इंचांचा नेफा राहतो, त्यात एक इंचाचा पाइप जातो, आणि वर छान झालर उभी राहते. रिंगा लावायच्या असतील तर त्या नेहमी सम संख्येत लावा, सहा, आठ, दहा अशा. म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम लावल्या तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते.

आता त्या मुलीच्या घरी काय झालं ते ऐका. पडदे लावले, दिवसा सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळी घरात दिवा लागला. तिची आई पाणी घेऊन येत होती, तिनं रस्त्यावरून बघितलं, तर पडद्यावर पोरीची सावली स्पष्ट हलत होती. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधार असतो, म्हणून पातळ पडद्यातून काही दिसत नाही. रात्री उलटं होतं. आत दिवा, बाहेर अंधार, मग पातळ कापड असून नसल्यासारखं. आम्ही पडदे पुन्हा उतरवले आणि जुन्या जाड चादरीचं अस्तर लावलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पडदा लावला की पहिल्या रात्री घरातल्याच एका बाईनं रस्त्यावर जाऊन बघावं. ही परीक्षा पास झाली तरच पडदा पास.

कापड निवडताना खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन आत येतं, तिथं जाड कापड हवं. मोठी सोलापुरी चादर असेल तर तीही चालते. पण एक लक्षात ठेवा. ऊन एकदा खिडकीतून आत आलं की पडद्यानं ते निम्मंशिम्मंच अडतं. खिडकीच्या बाहेरून तट्टा, चटई किंवा गोणपाट लावलं तर ऊन बाहेरच थांबतं. आपल्या कोरड्या हवेत ते ओलं केलं तर वाराही गार येतो. कोकणातल्या मैत्रिणींनी मात्र ओलं करू नये, तिथल्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. उत्तरेच्या खिडकीला हलकं, फिकट कापड पुरतं, खोली उजळ दिसते.

आता पडदा टांगायचं काम. खिडकीच्या वर सिमेंटचा लिंटेल असतो. त्यात हातोडीनं खिळा ठोकला तर खिळा वाकतो आणि गिलावा पडतो. ड्रिल मशीननं भोक पाडून, प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रू पिळायचा. गावात वायरमनकडे मशीन असतं. सगळ्या गल्लीची भोकं एकाच दिवशी पाडून घेतली तर त्यालाही परवडतं, आपल्यालाही. भोक पाडायच्या आधी भिंतीतून वायर गेली आहे का हे त्याला विचारा, आणि बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर भोक पाडू देऊ नका. जुन्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथं खिडकीच्या लाकडी चौकटीलाच ब्रॅकेट बसवा. पत्र्याच्या घरात लोखंडी अँगलला तारेनं पाइप बांधता येतो. रॉड पाच-सहा फुटांपेक्षा लांब असेल तर मधे तिसरा ब्रॅकेट हवाच, नाहीतर तो मधे झोळ खातो. पैसे कमी असतील तर स्प्रिंगची तार लावा, पण ती मापापेक्षा थोडी आखूड कापून ताणून बसवा.

दाराचा पडदा जमिनीवर लोळेल असा ठेवू नका. चार बोटं वर ठेवा. चिखल लागत नाही, आणि पडद्याआड विंचू-काटा असेल तर दिसतो.

आणि आगीचं भान ठेवा. चूल, गॅस, देवापुढची समई, उदबत्ती यांच्याजवळ वाऱ्यानं उडेल असा पडदा कधीच नको. नायलॉन, पॉलिस्टरचं कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. लहान मूल असेल तर बांधायच्या पट्ट्या त्याच्या हाताला येतील अशा लोंबत ठेवू नका, गळ्यात अडकण्याची भीती असते. पडदे महिन्यातून एकदा तरी धुवा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्या डोक्याशी धुळीचा पडदा म्हणजे दुखण्याला आमंत्रणच.

त्या ताईंना सगळं मिळून ६५० रुपये खर्च आला. पाइप, ब्रॅकेट, गिट्ट्या, दोरा आणि मशीनवाल्याचे पैसे. साड्या घरच्याच, शिलाई गटाची. कर्जाचा अर्ज त्यांनी स्वतःच परत घेतला.

पाहुणे आले, चहा-पोहे झाले, गेले. पडद्यांकडे कोणी बघितलं की नाही, कोण जाणे. पुढं काय ठरलं ते त्यांच्या घरचं, ते मी सांगणार नाही. एवढं सांगते, मुलीचा अभ्यास चालू आहे आणि खिडकी आता उघडी असते. परवा मी गेले तेव्हा पडदा वाऱ्यानं हलत होता आणि ती खिडकीशी बसून गणितं सोडवत होती. तिची आई मला हळूच म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांपूर्वीच केलं असतं तर काय बिघडलं असतं? साड्या तर तेव्हाही पेटीतच होत्या."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पाहुणे येणार म्हटलं की आपण भिंती रंगवतो, कपबश्या आणतो, कर्जसुद्धा काढतो. घरातली पोर रोज जे मागते ते मात्र 'बघू' म्हणून ठेवून देतो. चांगलं दिसावं ही हौस वाईट नाही, मलाही आहे. पण आधी घरात राहणाऱ्यांची सोय, मग पाहुण्यांची नजर.

हे शिकल्यावर आमच्या गटातल्या दोघी आता पडदे शिवून देतात. पहिल्या दोन ऑर्डरींत त्यांनी दोऱ्याचे पैसे धरले आणि आपल्या वेळेचे धरायचे विसरल्या. आता पडद्यामागं शिलाई ठरवली आहे, आणि अस्तर असेल तर वेगळे पैसे. तुमच्या गटात कोणी शिवणार असेल तर ही चूक करू नका. आपली मेहनत हाही खर्चच असतो.

पुढच्या बैठकीला एवढं करा. एक टेप घेऊन जा आणि आपापल्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीचं माप वहीत लिहा. त्याखाली लिहा, ही खिडकी दिवसातून किती वेळ उघडी असते. ज्या घरची खिडकी कायम बंद, त्या घरचा पडदा गटानं पहिला शिवायचा. आणि घरी गेल्यावर आपल्या मुलीला, सुनेला एकदा विचारा, "बाई, तुला या खोलीत काय हवंय?"

बसते आता. नमस्कार.