उतारवयातील वाचन

(नगर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे वय साठीच्या आगेमागे आहे. सकाळी दोन वर्तमानपत्रे, सायंकाळी दूरचित्रवाणीवरील आरडाओरडा आणि मधल्या वेळात मोबाईलवर येऊन पडणारे संदेश, एवढेच आपले वाचन उरले आहे. त्याने संताप भरपूर होतो. समज किती वाढते, हा प्रश्नच आहे. मोर्चे आणि तुरुंग यांच्या धामधुमीत पुस्तकांना सवड नव्हती, हे मान्य. आता सवड आहे, आणि अभ्यासमंडळे मात्र बंद पडली आहेत.

आपल्या या शहराच्या (कागदोपत्री आता ते अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येते) किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद स्थानबद्ध झाले. बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. प्रारंभी त्यांना वर्तमानपत्रही मिळत नसे. मौलाना आझादांनी येथे एका स्नेह्यास पत्रे लिहिली. ती टपालात पडण्याचा संभवच नव्हता. १९३४ च्या पाटणा येथील समाजवादी परिषदेचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव दम्याने हैराण असतानाही वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा फ्रेंचवरून हिंदी अनुवाद करीत होते. मार्क्सच्या अभ्यासकाला बौद्ध दर्शनाशी काय कर्तव्य, असे आपल्यातलाच एखादा विचारील. उद्याच्या सभेपुरते वाचणाऱ्यास याचे उत्तर सापडायचे नाही.

नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले तेही येथेच, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत. हजारो वर्षांच्या इतिहासाचा हा ग्रंथ, पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात बंगालचा दुष्काळ आहे. म्हणजे त्या वेळची ताजी बातमी. मी हा भाग विद्यार्थिदशेत वाचला होता. निवृत्तीनंतर पुन्हा वाचला, तेव्हा शेजारी अमर्त्य सेन यांचे १९८१ चे ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ उघडे ठेवले. बंगालमध्ये १९४३ साली सुमारे तीस लाख माणसे मेली असा सेन यांचा अंदाज. परंतु त्या वर्षी उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, किंबहुना अधिकच होते, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. युद्धकाळात भाव भडकले, शेतमजुराची मजुरी मागे राहिली. धान्य होते, ते विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

आता आपला १९७२ चा दुष्काळ आठवा. मी तेव्हा शाळकरी होतो. लाल मिलोची भाकरी, सुकडी, आणि खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात त्या वेळी धान्याची खरोखरच टंचाई होती. तरीही बंगालसारखा संहार झाला नाही. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. हातात मजुरी पडत होती. ती सुखासुखी मिळाली नाही, कामासाठी मोर्चे निघाले, हेही आपणास ठाऊक आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. देशाने तसा कायदा २००५ साली केला.

हे वाचलेल्या माणसाला ‘मजुरी थकली’ ही आतल्या पानावरची चार ओळींची बातमी निराळी दिसते. दुष्काळात माणूस जगतो की मरतो, हे त्या चार ओळींवर ठरत असते. तरुण कार्यकर्ता ती बातमी ओलांडून पुढे जातो, कारण त्याने खडीची रांग पाहिलेली नाही. आपण पाहिली आहे. पण पुस्तकाची जोड नसेल तर आपल्या आठवणी त्याला म्हाताऱ्यांच्या गप्पाच वाटणार.

सोयी नाहीत, असे कोणी म्हणू नये. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचे आहे. गावोगावच्या ग्रंथालयांची स्थिती बिकट आहे हे खरे. ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण मिळणाऱ्या अनुदानात ग्रंथपालाचे घर चालत नाही. ही मागणी आपल्या ठरावांत शेवटच्या कलमात असते. ती वर आणली पाहिजे.

पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी दोन तास बसावे, असे मी सुचवितो. प्रत्येकाने एक तरुण कार्यकर्ता बरोबर आणावा. आठवड्यातील एकच बातमी घ्यावी आणि तिच्या जोडीला एका पुस्तकाचे एक प्रकरण. आरंभ नेहरूंच्या दुष्काळावरील पानांनी करू. इंग्रजीची अडचण नको, साने गुरुजींचा मराठी अनुवाद आहे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना तरुणांनी वाचून दाखवावे.