कृष्णेच्या पाण्याचा ताळेबंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीनजीक कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. मग धावपळ झाली. पण मासे मेल्यावर होते ती देखरेख नव्हे; तो पंचनामा.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा माहुलीस वेण्णेला, कऱ्हाडास कोयनेला आणि हरिपुरास वारणेला भेटते. याच वाटेवर सातारा-सांगलीचा ऊसपट्टा, साखर कारखाने आणि मद्यार्काच्या आसवन्या आहेत. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ही भूक लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे असले एक लिटर सांडपाणी नदीच्या पाच हजार लिटर पाण्याचा प्राण घेऊ शकते. म्हणूनच ते आवारातच संपवावे, नदीत थेंबही सोडू नये, असा दंडक आहे.

पण प्रक्रियेला पैसा लागतो. तो वाचवला की ताळेबंदात नफा दिसतो, आणि खर्च भोयांच्या रिकाम्या जाळ्यात, नगराच्या पाणीपुरवठ्यात, गावोगावच्या आजारपणात विखुरतो. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. सरळ मराठीत ती दुसऱ्याच्या माथी मारलेली उधारी. उलट कारखानदार सांगलीच्या शेरीनाल्याकडे बोट दाखवतात, आणि त्या नाल्याने शहराचे मैलापाणी वर्षानुवर्षे कृष्णेत आणले, हेही खोटे नाही. कोणाचा वाटा किती, हा तंटा घोषणांनी सुटणार नाही, मोजमापानेच सुटेल.

हे मोजमाप पीडितांनी हाती घेतल्याचा दाखला जपानात आहे. आशियोच्या तांब्याच्या खाणीचे विषारी पाणी वातारासे नदीत उतरे आणि पुरासरशी शेतांत पसरे. १८९० च्या पुरानंतर शेतकऱ्यांनी टोकियोतील कृषिशास्त्राचे प्राध्यापक कोझाई योशिनाओ यांच्याकडून तपासणी करवून घेतली, तांबे सापडले. १८९१ मध्ये तानाका शोझो यांनी संसदेत सरकारला जाब विचारला. १९०१ मध्ये त्यांनी सम्राटापुढे धरलेल्या अर्जाचा मसुदा समाजवादी कोतोकु शुसुई यांचा होता. कंपनीने जबाबदारी कबूल केली ती १९७४ मध्ये. लढा लांबला, पण विश्लेषण हाती नसते, तर तो उभाच राहिला नसता.

योगायोग असा की त्याच १९७४ साली भारतात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला. त्याच्या कलम २५ प्रमाणे सांडपाण्यावर घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ पोचते त्याला ती पाहता येते. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील अटी प्रथम उतरून घ्याव्यात. मग प्रत्येक नाल्याच्या मुखाच्या वर एक आणि खाली दोन ठिकाणी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी पाणी तपासावे. वेळ पहाटेची हवी, कारण शेवाळे उन्हात प्राणवायू सोडते आणि दुपारचा आकडा फसवतो. नमुन्यातील प्राणवायू काठावरच रसायने घालून बांधून ठेवावा लागतो. पुढचे काम महाविद्यालयाची प्रयोगशाळा करू शकते. न्यायालयात ग्राह्य ठरणारा नमुना कायद्याने नेमलेल्या रीतीने अधिकाऱ्यालाच घ्यावा लागतो, हे खरे. परंतु हंगामभराची वही समोर ठेवली, की त्याला हात बांधून बसणे अवघड जाते.

खरी अडचण निराळीच आहे. अनेक कारखाने सहकारी आहेत. तेथे ऊस घालणारा सभासद मालकही आहे आणि खालच्या गावचे पाणी पिणाराही. उसाच्या बिलाची काळजी त्याचे तोंड बंद ठेवते. त्याला शत्रू ठरवून चळवळ चालणार नाही. त्यानेच वार्षिक सभेत उठून विचारले पाहिजे, की पैशांचा ताळेबंद वाचलात, आता पाण्याचा वाचा. ज्या सहकारात हा प्रश्न विचारता येत नाही, तेथे सभासद नावापुरताच मालक उरतो.